पिवळी की निळी

मॅडमना गाडी शिकवायला लागून एकतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘बघू’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. शेजारच्या सीटवर बसायचं, पाय जादाच्या ब्रेकवर अधांतरी धरायचा आणि बोलायचं. डावीकडे. आता. आरसा बघ. हळू. थांब. शिकाऊ माणसाला विचार करायला वेळ मिळाला की तो घोळ घालतोच, असं त्यांचं ठाम मत होतं, त्यामुळे विचार करायचं काम त्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. पाय सतत उचललेला राहून राहून त्यांच्या उजव्या बुटाची टाच कायम नवीकोरी राहायची आणि पुढचा तळ मात्र चार महिन्यांत पार झिजायचा.

शिकवताना त्या रस्त्याकडे एकाच डोळ्याने बघायच्या. दुसरा डोळा शिकणाऱ्यावर. भीती आधी बोटांत येते, मग कानांत, मग पायात, असं त्या आपल्या ड्रायव्हिंगच्या शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकांना सांगायच्या. बोटं पांढरी पडली की सावध व्हायचं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या की आपला पाय ब्रेकला टेकवायचा. एवढं कळलं की या धंद्यात आणखी काही कळायची गरज नाही. आणि खरोखरच एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला एकही मोठा अपघात झाला नव्हता.

तर एका मंगळवारी दोन तासांच्या मधल्या वेळात मॅडम शाळेच्या ऑफिसात चहा पीत बसल्या होत्या. ऑफिस म्हणजे गॅरेजच्या वरची एक खोली, भिंतीभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते आणि एक पंखा, जो फक्त तीनवरच चालायचा. दार ढकलून एक माणूस आत आला. अंगात महागडा शर्ट, शर्टाच्या खिशाला ग्रीसचा डाग.

“ओळखलंत का मॅडम?”

मॅडमनी चष्मा वर केला. “क्लच!”

तो लाजला. बेचाळिशीचा, टक्कल पडायला लागलेला माणूस एकोणीस वर्षांच्या पोरासारखा लाजला. तेवीस वर्षांपूर्वी तो मॅडमकडे गाडी शिकला होता आणि लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास झाला होता, कारण काही केल्या क्लचवरचा पाय सोडायचा नाही. पाचव्यांदा पास झाला तेव्हा मॅडमनी अख्ख्या शाळेला चहा पाजला होता. पुढे तो लिफ्टच्या कामात पडला. आधी दुसऱ्यांच्या हाताखाली लिफ्ट दुरुस्त करायचा, मग स्वतःच बसवायला लागला, आणि आता त्याच्या हाताखाली चाळीस माणसं होती. त्याची पाटी मॅडमना शहरातल्या निम्म्या इमारतींत दिसायची.

“मला गाडी घ्यायची आहे,” तो म्हणाला. “म्हणजे तशी गाडी आहे. ही वेगळी. स्पोर्ट्‌स कार.”

“तू?”

“तुम्हीपण असंच म्हणताय.” तो खुर्चीत बसला. “आजवर जे काही घेतलं ते गरज होती म्हणून घेतलं, मॅडम. घर, टेम्पो, बायकोच्या दुकानाचं शटरसुद्धा. एकदा तरी गरज नसलेलं काहीतरी घ्यायचंय. दोन गाड्या बघून ठेवल्यात. एक पिवळी, एक निळी. दोन्ही कंपन्यांची एकमेकींशी खुन्नस आहे, शोरूमसुद्धा समोरासमोर आहेत. पार्टनर म्हणतो पिवळी, भाऊ म्हणतो निळी, बायको म्हणते दोन्ही मसणात घाल. आणि मला, खरं सांगू का, काहीच कळत नाही. शनिवारपर्यंत दोघांनीही गाडी माझ्यासाठी अडवून ठेवली आहे. तुम्ही चालवून बघा. तुम्ही सांगाल ती घेतो.”

“अरे, पण चालवणार तू. मी कोण सांगणारी?”

“तुम्ही आयुष्यात कधी ‘मला माहीत नाही’ असं म्हणालात का?”

हे मात्र मॅडमना एकदम पटलं. बुधवारी दुपारी त्या तिकडे गेल्या.

मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या दोन इमारती एकमेकींकडे टक लावून उभ्या होत्या. पिवळ्या गाडीच्या शोरूममधल्या माणसाने मॅडमच्या कापडी पिशवीकडे पाहिलं, मग झिजलेल्या बुटाकडे पाहिलं, आणि थंड पाण्याचा ग्लास पुढे केला. क्लचने आधीच फोन करून ठेवल्यामुळे त्याला किल्ली देणं भागच होतं. “समोरची गाडीही चांगलीच आहे,” तो म्हणाला, “पण आपल्या गाडीला जीव आहे.”

पिवळीत बसणं म्हणजे जमिनीवर बसकण मारण्यासारखंच होतं. इंजिन पाठीमागे. चालू केलं तेव्हा मॅडमच्या मणक्यातून कुणीतरी बोट फिरवल्यासारखं झालं. गाडी गुरगुरायची, रस्त्यातला खडान्‌खडा पाठीला सांगायची, वळणावर हातातून स्टिअरिंग हिसकून घेऊ बघायची आणि मग एकदम ऐकायची. मॅडम परत आल्या तेव्हा मोठमोठ्याने हसत होत्या. एकट्याच. ठरलं, त्यांनी मनाशी म्हटलं. पिवळी.

मग रस्ता ओलांडून त्या निळ्या गाडीच्या शोरूममध्ये गेल्या. तिथल्या मुलीनेही थंड पाणी दिलं आणि म्हणाली, “समोरची गाडीही चांगलीच आहे, पण आपल्या गाडीला अक्कल आहे.”

निळी वेगळीच निघाली. आवाज नाही, हिसका नाही. लोण्यातून सुरी जावी तशी ती गर्दीतून निघाली. मॅडमना वाटलं की साठच्या आसपास चाललो असू, म्हणून काट्याकडे बघितलं तर एकशे दहा. त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. गुडघे दुखायचे थांबले. छे, ठरलं, त्या म्हणाल्या. निळी.

किल्ली देऊन बाहेर आल्या, तर समोरच्या काचेत पिवळी उभी. ऊन तिच्या पाठीवर पडलेलं. मॅडम रस्त्याच्या मधल्या कठड्यावर थांबल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुठे निघालो होतो हेच त्यांना आठवेना.

गुरुवारी त्या पुन्हा गेल्या. पिवळीत बसल्या की निळी आठवायची, निळीत बसल्या की पिवळी. दोन्हीकडच्या थंड पाण्याने पोट गच्च झालं, पण डोकं काही ठिकाणावर येईना.

घरी मॅडमचे यजमान होते. सरकारी खात्यात नकाशे काढण्यात त्यांची नोकरी गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही कशाचाही तक्ता केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. जेवणाच्या टेबलावरच त्यांनी मोठा कागद पसरला, पट्टी घेतली आणि रकाने पाडले.

“ब्रेक?” त्यांनी विचारलं.

“दोन्हींचे उत्तम.”

“तसं नाही चालत. गुण दे.”

“पिवळीला नऊ. निळीला... नऊ.”

“आरामदायकपणा?”

“निळीला नऊ. पिवळीला चार. नाही, थांबा, पाच करा. पाठ दुखली पण बरं वाटलं.”

“मग पाठ दुखण्याचा एक वेगळा रकाना काढतो,” यजमान म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी तो काढला. तासाभराने त्यांनी बेरीज केली. पिवळी एकाहत्तर, निळी एकाहत्तर. त्यांनी पुन्हा बेरीज केली. तीच.

“तुमचा तक्ता चुकलाय.”

“अगं, तक्ता माझा असला तरी गुण तुझेच आहेत.” त्यांनी पेन्सिल कानावर अडकवली आणि बायकोकडे जरा काळजीनेच पाहिलं. “तुला झालंय काय? भाजी कुठली घ्यायची हेसुद्धा तू मला कधी विचारत नाहीस.”

मॅडमना स्वतःलाच ते कळत नव्हतं. गाडी त्यांची नव्हती. घेणारा दुसरा, चालवणारा दुसरा. पण गेली एकतीस वर्षं त्या दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसत आल्या होत्या, एकाच पांढऱ्या, पोचे पडलेल्या, डोक्यावर ‘शिकाऊ’ पाटी असलेल्या गाडीत, आणि तिथे निवडण्यासारखं काही नव्हतंच. समोर खांब आला की ब्रेक दाबायचा. यात काय निवडायचं? आपण ठाम आहोत असं सगळे म्हणायचे, पण आपल्याला कधी कुणी दोन चांगल्या गोष्टी समोर ठेवून विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या आत्ता लक्षात येत होतं, आणि ते काही त्यांना आवडलेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी तर कहरच झाला. साडेनऊचा तास एका निवृत्त ग्रंथपालांचा होता. त्रेसष्ट वर्षांचे गृहस्थ, सांगितलं तेवढंच करणारे, शिकवायला अगदी सोपे. मोठ्या चौकातल्या गोल बगीच्याजवळ गाडी आली तेव्हा मॅडम पिवळीच्या वळणाचा विचार करत होत्या.

“मॅडम, कुठे?”

“डावीकडे. नाही, उजवी... थांबा, सरळ.”

ग्रंथपालांनी इमानेइतबारे तिन्ही गोष्टी केल्या. गाडी डावीकडे झुकली, उजवीकडे वळली आणि कठड्यावरून उडी मारून सरळ बगीच्यात घुसली. मॅडमचा पाय ब्रेकवर पडला तोवर पुढची चाकं फुलांच्या वाफ्यात होती. कुणाला काही लागलं नाही. मागच्या गाड्या थांबल्या, लोक आ वासून बघायला लागले. ग्रंथपाल स्टिअरिंग घट्ट धरून तसेच बसले होते.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “तुम्हाला बरं नाही का?”

दुपारपर्यंत ही बातमी शाळाभर झाली. कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण ऑफिसातल्या टेबलावर कुणीतरी एका पेल्यात त्याच वाफ्यातलं एक झेंडूचं फूल ठेवून गेलं होतं. मॅडमनी ते बघितलं आणि कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला क्लचची बायको आली. तिचं औषधांचं दुकान होतं. दुकान अर्ध्या तासासाठी बंद करून ती आली होती आणि बसायलाही तयार नव्हती.

“मॅडम, मी स्पष्टच बोलते. त्याला ही गाडी घेऊ नको असं सांगून काही उपयोग नाही, ते मी करून बघितलंय. मी निळी म्हटलं की तो म्हणतो, पिवळी का नको? मी पिवळी म्हटलं की म्हणतो, निळीत काय वाईट आहे? आता तुम्ही एवढंच करा. यातली कोणती गाडी त्याला कमी चालवावीशी वाटेल, तीच घ्यायला सांगा.”

“तुम्हाला त्याची भीती वाटते का?”

“त्याची नाही. त्याला गमावायची,” ती अगदी सहजपणे म्हणाली. जाताना तिने टेबलावरचं फूल बघितलं आणि विचारलं, “आज काही आहे का?”

“काही नाही,” मॅडम म्हणाल्या.

ती गेल्यावर मात्र मॅडमच्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. आपण चुकीच्या जागेवर बसून बघत होतो! स्टिअरिंगमागे बसून आपल्याला काय कळणार? आपलं सगळं कसब शेजारच्या सीटवरचं. त्यांनी ताबडतोब क्लचला फोन लावला. “उद्या सकाळी तू चालवायचंस. दोन्ही. मी शेजारी बसणार.”

“मी?” पलीकडून तो म्हणाला. “बरं.”

शनिवारी सकाळी रस्ते मोकळे होते. आधी पिवळी. क्लच आत बसला, पट्टा लावला, आणि त्याने इतक्या हळू गाडी काढली की शोरूमचा रखवालदार बाजूने चालत फाटकापर्यंत सोबत आला. गाडीला क्लचच नव्हता. तरीही याचा डावा पाय जमीन दाबत होता. बोटं पांढरी. कानाच्या पाळ्या लालभडक. कपाळावर घाम. मोकळ्या रस्त्यावर ताशी तीसच्या वर काटा चढेना. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले, एक सायकलवाला त्यांना मागे टाकून गेला आणि वळून बघत राहिला. मॅडमना एकदम तेवीस वर्षं मागे गेल्यासारखं वाटलं. पोरगं अजून तिथेच आहे, त्यांच्या मनात आलं.

मग निळी. आणि इथे मॅडमचे डोळेच विस्फारले. तोच माणूस, पण वेगळाच. खांदे सैल, बोटं सैल, चेहरा शांत. मोठ्या रस्त्याला लागल्याबरोबर त्याने गाडी अशी सोडली की झाडांची भिंत झाली. ऐंशी, शंभर, एकशे तीस. मॅडमचा पाय आपोआप ब्रेक शोधायला लागला आणि तिथे नुसतीच गालिच्याची जमीन लागली. एकशे चाळीस. त्यांनी त्याच्या कानांकडे बघितलं. कान थंड, पांढरे. पापणीसुद्धा हलत नव्हती.

“क्लच, हळू.”

“हो मॅडम,” तो म्हणाला, आणि बऱ्याच वेळाने गाडी हळू झाली.

शोरूमच्या आवारात गाडी उभी राहिली. मॅडम उतरल्या, गाडीच्या छपराला हात टेकून उभ्या राहिल्या आणि त्यांनी विचार केला. कितीतरी दिवसांनी त्यांना सरळ विचार करता आला. पिवळीत हा घाबरतो. घाबरलेला माणूस जपून चालवतो, म्हणजे पिवळी घ्यायला सांगितली तर बायकोचं समाधान. पण आपण या माणसाला आयुष्यभराची भीती विकत घ्यायला सांगायची? निळीत तो मोकळा झाला. ज्या माणसाचा क्लचवरचा पाय सोडवायला आपण घसा कोरडा केला, तो आज वाऱ्यासारखा गेला. भीती वाटली ती आपल्याला. आपल्या भीतीपायी त्याला का अडवायचं? वेगाचं म्हणाल तर चार गोष्टी कानात सांगता येतील.

“निळी,” त्या म्हणाल्या.

“निळी?”

“निळीच. यात शंकाच नाही.” आणि ठाम बोलल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

“बरं मॅडम,” क्लच म्हणाला.

आत मुलीने कागद तयारच ठेवले होते. क्लच टेबलाशी बसला, पेनचं टोपण काढलं, पहिल्या पानावर नाव लिहिलं. दुसऱ्या पानावर येऊन थांबला. मॅडम शेजारच्या सोफ्यावर बसल्या होत्या. तो त्यांच्याकडे झुकला आणि मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, “मॅडम, एक विचारू? याची सवय होते ना?”

“कशाची?”

“भीती वाटायची.”

मॅडमना वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. “कसली भीती? तू तर किती निवांत होतास!”

“मी?” तो त्यांच्याकडे बघतच राहिला. “मॅडम, माझी पार वाट लागली होती. पाय उचलायचं सुचलंच नाही. तुम्ही हळू म्हणालात ते ऐकू आलं, पण कुणाला म्हणताय तेच कळेना.”

“पण तुझा चेहरा...”

“माझा चेहरा तसाच होतो.” त्याने पेन खाली ठेवलं. “अकरा वर्षांपूर्वी एका हॉस्पिटलात लिफ्ट तपासत होतो. ब्रेक निकामी झालेला, माझ्या लक्षात आलं नाही. लिफ्ट खाली सुटली, दोन मजले. आवाज नाही, काही नाही. पाय हलके होतात फक्त, गुडघेबिडघे काही जाणवत नाही. खाली स्प्रिंग होती म्हणून वाचलो. दार उघडलं तेव्हा लोक म्हणाले, काय शांत माणूस आहे हा. मी शांत नव्हतो हो. मी तिथे नव्हतोच. मघाशी अगदी तसंच वाटलं.”

मॅडमना बुधवारी निळीत बसल्यावर गुडघे दुखायचे थांबले होते ते आठवलं.

“आणि पिवळीत?” त्यांनी विचारलं. “पिवळीत तर तुला घाम फुटला होता. बोटं पांढरी पडली होती. कान असे लाल झाले होते. तीसच्या वर जायची तुझी छाती होत नव्हती.”

“छाती?” क्लच पुन्हा तसाच लाजला. “मॅडम, मला आनंद झाला होता. रस्ता संपू नये असं वाटत होतं. भरभर गेलो असतो तर लगेच संपला असता.”

“आनंदाने माणसाला घाम फुटतो?”

“मला फुटतो. लग्नातही फुटला होता. बायकोला विचारा, तिला वाटलं मी पळून जातोय.”

टेबलापलीकडच्या मुलीने कागद हळूच आणखी पुढे सरकवले आणि म्हणाली, “सर, इथे सही.”

“मग तू गप्प का होतास? ‘बरं मॅडम’ का म्हणालास?”

“तुम्ही म्हणालात शंकाच नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असेल.”

हे ऐकल्यावर मॅडम उठल्या. त्यांनी टेबलावरच्या कागदांचा गठ्ठा केला, तो मुलीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, “बाळ, माफ कर. चूक माझी आहे, यांची नाही.” आणि क्लचचा दंड धरून त्याला बाहेर घेऊन आल्या. रस्त्याच्या मधल्या कठड्यावर दोघं थांबले. दोन्ही बाजूंनी गाड्या जात होत्या.

“म्हणजे मग पिवळी?” क्लचने विचारलं.

“मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

क्लचने आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं, आणि एकटाच रस्ता ओलांडून पिवळ्या गाडीच्या शोरूममध्ये गेला.

त्याने पिवळी घेतली. रविवारी सकाळी तो ती काढतो, ताशी तीसने मोठ्या रस्त्याला जातो आणि घामाघूम होऊन परत येतो. त्याच्या बायकोने मॅडमना फोन करून आभार मानले. “तुम्ही बरोबर ओळखलंत,” ती म्हणाली. मॅडमनी तिला खरं काय ते सांगायचा प्रयत्न केला, पण ते सांगायला घेतल्यावर त्यांचाच गोंधळ उडाला, आणि दुकानात गिऱ्हाईक आल्यामुळे तिने फोन ठेवला.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. पण मॅडमच्या डोक्यातून ते जाईना. एकतीस वर्षांतली माणसं एकेक करून समोर येऊन उभी राहायला लागली. एका मुलाला त्यांनी दोन महिने जास्त शिकवत ठेवलं होतं, तू फार घाबरतोस म्हणून. तो घाबरत होता का? एका बाईंना आठव्या दिवशीच परीक्षेला बसवलं होतं. हात इतके स्थिर की बघत राहावं. त्या बाई पुढे एकदा बाजारात भेटल्या, दोन्ही हातांत पिशव्या, बसची वाट बघत. गाडी विकली, म्हणाल्या. मॅडमनी तेव्हा नुसती मान हलवली होती.

“अहो,” त्यांनी यजमानांना विचारलं, “मी आत्ता कशी दिसते?”

यजमानांनी पेपर खाली केला. “रागावलेली.”

“मी रागावलेली नाहीये.”

“मग काय आहेस?”

मॅडमनी विचार केला. “ते कळत नाहीये.”

“तू कळत नसलं की रागावलेलीच दिसतेस. पहिल्यापासून,” यजमान म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा वर केला. मॅडम कितीतरी वेळ पेपरकडे बघत बसल्या. पेपरच्या मागे ते हसत आहेत का नाही, हेही त्यांना सांगता येईना.

सोमवारपासून त्यांनी शिकवताना मधूनच विचारायला सुरुवात केली. आत्ता काय वाटतंय? शिकणाऱ्यांना या प्रश्नाची सवय नव्हती, मॅडमकडून तर मुळीच नव्हती. ग्रंथपाल म्हणाले, “भूक लागली आहे.” ते खरं वाटलं. एक कॉलेजातली मुलगी बोटं पांढरी करून चालवत होती, ती म्हणाली, “खूप राग येतोय, आईचा.” मॅडमना वाटलं होतं की ती ट्रकला घाबरली आहे. एक थोराड मिस्त्री चुटकीसरशी गाडी वळवून लावायचा, तो म्हणाला, “काहीच वाटत नाही मॅडम,” आणि मॅडमनी ब्रेकवर पाय टेकवला, मग उचलला, मग पुन्हा टेकवला.

गुरुवारी संध्याकाळी पाचचा तास एका नर्सचा होता. तिशीची असेल, ड्यूटी संपवून थेट यायची. शाळेत सध्या तिच्यासारखं सफाईदार कुणी चालवत नव्हतं. मोठा चौक, उतारावरचा सिग्नल, बसच्या शेजारून अरुंद जागा, सगळं तिने बिनचूक केलं. खांदे सैल. कानांचा रंग जागच्या जागी. मॅडमनी वहीत तिच्या नावापुढे परीक्षेची तारीख लिहायला पेन काढलं होतं.

“आत्ता काय वाटतंय?” त्यांनी विचारलं.

नर्सने आरशात बघितलं, गिअर बदलला, एका म्हाताऱ्याला रस्ता ओलांडू दिला.

“रडू येतंय,” ती म्हणाली.

“का गं?”

“माहीत नाही.”

मॅडमनी पेन पिशवीत टाकलं. पुढे डाव्या हाताला एका बंद शाळेच्या कुंपणाजवळ मोकळी जागा होती. “तिथे घे,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून म्हणाल्या, “म्हणजे तुला हवं असेल तर.”

नर्सने वळायचा दिवा लावला, गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला. अगदी नियमाप्रमाणे. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. मॅडमनी आपला पाय ब्रेकवरून काढून जमिनीवर ठेवला. बाहेर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती, आणि तास संपायला अजून चाळीस मिनिटं होती.